इनास मिस्तरीचा पेरणीचा रविवार

समजा, येत्या रविवारच्या शुभवर्तमानाचा, म्हणजे त्या दिवशी वाचतात त्या येशूच्या गोष्टीचा, अर्थ लोकांना समजावून सांगायचं काम तुमच्यावर आलं आहे. पाद्रीबाबा दूर कामठीला राहतात. वर्षातून एखाद-दोनदा बैलगाडीनं येतात, मिस्साची उपासना करतात, लग्नं आणि बाप्तिस्मे उरकतात आणि पुढच्या गावाला निघून जातात. तुमच्याजवळ ग्रंथ नाही. लहानपणापासून वसईच्या देवळात त्या त्या रविवारी जे ऐकलं, तेवढंच पाठ आहे. समोर बसणार आहेत तुमच्यासारखेच काही वसईकर गवंडी, पलटणीतून सुटून आलेली दोन मद्रासी कुटुंबं, आणि उंबऱ्याबाहेर, नुसती गोष्ट ऐकायला आलेली एक-दोन वऱ्हाडी माणसं. गोष्ट फार जुनी आहे, परक्या मुलखातली आहे. तुम्ही सुरुवात कुठून कराल?

इनास मिस्तरी चौकशीपासून सुरुवात करायचा.

१८६५ साल उजाडलं तेव्हा इनास अकोल्याजवळ रेल्वेच्या पुलांच्या दगडकामावर होता. उंच, किंचित वाकलेला, हाताची बोटं चुन्यानं कायमची खरखरीत झालेली. बायको वसईतच तापानं गेली होती. लिहिता-वाचता त्याला जेमतेम यायचं. पण चर्चच्या वर्षातला प्रत्येक रविवार त्याला तोंडपाठ होता. कारण साधं होतं. त्या काळी दर वर्षी त्याच रविवारी तेच शुभवर्तमान वाचलं जाई. वर्ष फिरून आलं की गोष्ट फिरून यायची. दगडाच्या थरासारखं एकावर एक बसत गेलं होतं ते.

त्याची पद्धत अशी. सोमवारी दगड घडवायला बसला की तो येत्या रविवारची गोष्ट मनात घ्यायचा. गोष्टीत लग्न असेल तर इथं लग्न कसं होतं, रोगी असेल तर इथं रोग्याला कुठं नेतात, हे तो विचारून घ्यायचा. विचारायचा बहुतेक वेळा पार्बताबाईला. कामाच्या जागेला लागूनच तिचं वावर होतं. नवरा गेल्यावर दिराच्या, म्हणजे पुंजारामच्या, मदतीनं ती ते करत होती. गवंड्यांना ताक आणि भाजी तीच पुरवायची.

जानेवारीत काना नावाच्या गावातल्या लग्नाचा रविवार होता. लग्नात द्राक्षारस संपतो आणि येशू पाण्याचा द्राक्षारस करतो, ती गोष्ट. इनासनं तिला विचारलं, "बाई, तुमच्याकडे पंगतीत काही कमी पडलं तर काय होतं?"

"काय होते म्हंजे?" पार्बताबाई म्हणाली. "आमच्या जमुनाच्या लग्नात वरन पुरलं नाई, म्हून पानी टाकलं. अजून तिले सासरचे पातळ वरनाची म्हनते. दोन लेकरं झाली तिले."

रविवारी इनासनं जमुनाचं नाव न घेता पातळ वरणापासूनच सुरुवात केली. लोक हसले. मग तो म्हणाला, "कानाच्या त्या नवरीला जन्मभर असं ऐकावं लागलं असतं. ती लाज सगळ्यांच्या आधी येशूच्या आईला, मरियेला, दिसली." लोक हसायचे थांबले. त्या दिवसापासून पार्बताबाई दर रविवारी उंबऱ्याबाहेर येऊन बसू लागली. "मले तुमचं बाकीचं नाई समजत," ती सांगायची, "पन गोष्टीतले लोक आपल्यासारखेच हायेत."

पुढं गव्हातल्या तणाची गोष्ट आली. शत्रू रात्रीतून गव्हात तण पेरून जातो, चाकर ते उपटायला निघतात, आणि मालक म्हणतो, राहू द्या, कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या. इनासला वाटलं होतं, शेतकरी यावर भांडतील. पार्बताबाईनं उलट मालकाचीच बाजू घेतली. "गव्हासारखंच दिसते ना ते? मंग बराबर हाय त्याचं. आता उपटाले गेलं तं गहू बी हातात येईन."

इनासनं ते शब्द मनात ठेवले. त्याला एक कारण होतं.

त्याचा एकुलता मुलगा दुमिंग दिवाळीनंतर दगडकाम सोडून अमरावतीला गेला होता. कापसाचे दिवस होते. अमेरिकेत लढाई चालली होती, तिकडचा कापूस विलायतेला जात नव्हता, आणि वऱ्हाडातल्या कापसाला न ऐकलेले भाव आले होते. दुमिंगच्या बोटांत कसब होतं. लहानपणी तो नुसता हात फिरवून दगडाची नस सांगायचा. आता तो कापसाचा पुंजका दोन्ही हातांनी ओढून त्याचा धागा किती लांब निघेल ते सांगायचा. मुंबईच्या एका व्यापाऱ्यानं त्याला पारखीला ठेवलं. बाजार रविवार पाळत नव्हता. दुमिंग नाताळालाही आला नाही. त्या रात्री इनासनं झोपडीत येशूच्या कुरुसापुढं मेणबत्ती लावली, सगळ्यांकडून गाणं म्हणून घेतलं, आणि ज्यानं त्यानं दुमिंगचं विचारलं तेव्हा सांगितलं, "कामात असेल." एवढं सांगताना त्याचा आवाज कसा झाला होता, ते मद्रासी बाया पुढं कितीतरी दिवस एकमेकींना सांगत होत्या.

पोराला जाऊन बोलावं की गप्प बसावं, हे इनासला ठरवता येत नव्हतं. बोललो तर कायमचा तुटेल, नाही बोललो तर हातचा जाईल. तणाच्या गोष्टीनं त्याला गप्प बसायला एक आधार दिला होता. मालकच म्हणतो ना, राहू द्या.

मग फेब्रुवारीत पेरणाऱ्याचा रविवार आला, आणि त्याच आठवड्यात निरोपही आला. दुमिंग व्यापाऱ्याच्या गाड्यांबरोबर अकोल्याला येतोय, रविवारी सकाळी भेटून जाईल.

पेरणाऱ्याची गोष्ट थोडक्यात अशी. एक माणूस पेरायला निघतो. काही बी वाटेवर पडतं, ते पाखरं खातात. काही खडकावर पडतं, ओल नसल्यानं वाळतं. काही काट्यांत पडतं, काटे वाढून त्याला गुदमरवतात. काही चांगल्या जमिनीत पडतं आणि शंभरपट देतं. प्रभू येशू स्वतःच अर्थ सांगतो. काट्यांत पडलेलं बी म्हणजे ऐकून घेणारी, पण संसाराची काळजी, धन आणि चैन यांनी गुदमरणारी माणसं.

इनासला वाटलं, देवानंच हा रविवार दुमिंगसाठी नेमून ठेवला आहे. तोंडावर बोलायचं नाही, गोष्ट बोलेल. त्या आठवड्यात त्यानं काट्यांबद्दलची वाक्यं मनात इतक्यांदा घोळवली की एका दगडाची कड चुकीची उडाली. आणि याच आठवड्यात त्यानं कुणालाही काही विचारलं नाही. पेरणीबद्दल काय विचारायचं? वसईला त्याच्या बापानं भाताचा राब, म्हणजे रोपांचा वाफा, करताना मुठीनं बी फेकलेलं त्यानं पाहिलं होतं. पेरणं म्हणजे फेकणं. ते कुणालाही ठाऊक असतं.

रविवारी सकाळी झोपडीपुढं कडुनिंबाखाली सगळे जमले. दुमिंग खरंच आला. अंगात नवा पांढरा अंगरखा, पायात चढाव, म्हणजे चामड्याचे बंद जोडे, डोळ्यांखाली जागरण. बापाच्या पाया पडला आणि सगळ्यांत मागं, लवकर उठता येईल अशा जागी बसला. पार्बताबाई नेहमीसारखी कडेला बसली होती. तिच्याजवळ पुंजारामही टेकला होता, कारण त्यानं दगडांची गाडी उतरवली होती आणि बैलांना सावली याच झाडाची होती.

रोजरीची, म्हणजे जपमाळेची, प्रार्थना झाली. इनासनं गोष्ट सांगितली. मग ती डोळ्यांपुढं उभी राहावी म्हणून त्यानं पुंजारामच्या बैलांच्या टोपलीतली मूठभर सरकी घेतली आणि बापासारखा हात फिरवून फेकली.

सरकी म्हणजे कापसाचं बी. रुई काढून घेतली तरी त्याच्या अंगाला बारीक केस राहतात, आणि त्या केसांमुळं बी बियाला चिकटून बसतं. इनासच्या मुठीतून ती पसरलीच नाही. गोळा होऊन बाहेर पडली आणि एका मद्रासी म्हाताऱ्याच्या मांडीवर जाऊन बसली.

पुंजाराम आधी खोकला. मग त्याला हसू आवरेना.

"मिस्तरी, हे काय करून राह्यले तुमी?"

"पेरतोय," इनास म्हणाला.

"असं कोनी पेरते का बाप्पा? सरकी आंधी शेनामातीत चोळाव लागते, मंग दाना सुटा होते. अन् फेकते कोन? तिफन चालते, मांगून बाई सरतं धरते, एकेक दाना नळीतून जमिनीत. आमच्या वयनीले इचारा. तिचं बी बांधावर, धुऱ्यावर बी पडत नाई, रस्त्यावर कुठचं."

"भाऊजी, गप बसा," पार्बताबाई म्हणाली, पण तिचाही पदर तोंडाशी गेला होता.

"नाई, मी इचारतो," पुंजारामला आता चेव आला होता. "हा तुमचा पेरनारा रस्त्यावर पेरते, खडकावर पेरते, काट्यात पेरते. याले वावर कोनं देल्लं? आमच्याकडे असा सालदार ठेवला तं दुसऱ्या दिवशी घरी."

सगळे हसले. गवंडीसुद्धा. मद्रासी म्हातारा मांडीवरची सरकी बैलाकडं टाकत म्हणाला की त्याच्या गावी मुठीनंच फेकतात, पण त्याचं कुणी ऐकलं नाही. इनासचे कान लाल झाले. त्याला गोष्ट हातातून निसटताना दिसत होती, आणि मागं बसलेला दुमिंगही हसत होता. ते हसू पाहून इनासनं घाई केली. मधलं सगळं सोडून तो सरळ काट्यांवर आला. आवाज चढला.

"काही बी काट्यांत पडलं. काटे म्हणजे काय? काटे म्हणजे पैका. चढाव. नवे अंगरखे. ज्या माणसाला देवाचा रविवार आठवत नाही, नाताळ आठवत नाही, त्याच्यातलं बी गुदमरून मेलेलं असतं."

कुणीही वळून मागं पाहिलं नाही, आणि सगळेच मुद्दाम पाहायचं टाळतायत, हे दुमिंगला दिसलं.

तो उठला. "बा, नाव घेऊन सांग ना. एवढ्या लांबून कशाला?"

"गोष्टीत आहे तेच सांगतोय मी."

"गोष्टीत चढाव आहेत?"

दुमिंग पागोटं उचलायला वाकला. तो आता जाणार, आणि पुन्हा येणार नाही, हे तिथल्या प्रत्येकाला कळलं.

तेवढ्यात पार्बताबाईनं विचारलं. ती भांडण मिटवायला बोलली नाही. तिला खरोखरच प्रश्न पडला होता. गोष्ट चालू असताना मध्ये विचारायची तिला सवय होती.

"मिस्तरी, हे काटे उगवले कोन्त्या जमिनीत?"

"काट्यांच्या."

"काट्यांची जमीन अशी नसते. खडकावर पाऊस पडला तं तिथं गवतबी नाई येत. काटे, कुंद्याचं तन, बाभूळ, हे सारं माजते कसदार काळ्या जमिनीत. आमच्या नाल्याकडच्या पट्टीत बाभळी येते मोठाल्या. सासरा म्हने, पोरी, बाभूळ दिसली म्हंजे जमीन सोन्यासारखी समज." ती पुंजारामकडं वळली. "हाय का नाई, भाऊजी?"

"ते हाय," पुंजारामनं कबूल केलं. "थेच पट्टी सगळ्यात चांगली."

"मंग गोष्टीतली ती जमीन वाईट कशी? निंदली नाई, तन काढलं नाई, एवढंच. निंदाचं काम कोनाचं होतं?"

इनास उभाच होता. इतक्या वर्षांत ही गोष्ट ऐकताना चार जमिनींपैकी तीन वाईट, एक चांगली, एवढंच त्यानं मोजलं होतं. पोराला त्यानं तिसऱ्या जमिनीत टाकून दिलं होतं आणि विषय संपवला होता.

"ते गोष्टीत सांगितलेलं नाही," तो अखेर म्हणाला. "मला माहीत नाही, बाई."

पागोटं हातात धरून दुमिंग बापाकडं पाहत राहिला. बाप चारचौघांत "मला माहीत नाही" म्हणाला, हे त्यानं पहिल्यांदा ऐकलं होतं. तो खाली बसला. इनासनं मग कसंबसं आभाराचं मागणं, म्हणजे शेवटची प्रार्थना, म्हणवून घेतलं आणि लोक उठले.

दुपारी बापलेक एका ताटाशी जेवले. भाकरी, वांग्याची भाजी, पार्बताबाईचं ताक. इनासनं ताकाचा वाडगा पोराकडं सरकवला. मग म्हणाला, "मी तुला भरल्या लोकांत बोललो."

"बोललास."

"बोलायचं नव्हतं तसं."

"बोलायचं होतं, पण तसं नाही," दुमिंग म्हणाला. "बा, तुला निंदायचंच असेल तर खुरपं घेऊन ये. तू येतोस छिन्नी-हातोडा घेऊन."

इनास हसला. दुमिंगही हसला. पण नाताळाचं दोघांपैकी कुणी काढलं नाही. उन्हं कलायच्या आत गाड्या निघाल्या आणि दुमिंग गेला. "परत कधी?" हे इनासनं विचारलं नाही. ते विचारणं छिन्नीत मोडतं की खुरप्यात, हे त्याला ठरवता आलं नाही.

मग राखेचा बुधवार आला, उपवासकाळ आला. कुरुसावर जांभळं फडकं चढलं. इनास रविवारच्या गोष्टी सांगत राहिला, पण आता आधीपेक्षा जास्त विचारू लागला. पुंजारामकडून त्यानं तिफण नीट पाहून घेतली, तिचे तीन दात, बी सोडायचं वरचं चाडं, मागं दोरीनं बांधलेली बांबूची नळी. पुंजाराम त्याला "काय हो फेकून पेरनारे" म्हणू लागला आणि इनासनं ते नाव आनंदानं घेतलं.

त्याला एक गोष्ट मात्र सुटत नव्हती. एका रविवारी मालक म्हणतो, तण उपटू नका, कापणीपर्यंत थांबा. नंतर थोड्याच दिवसांनी, दुसऱ्या रविवारी, काटे वेळेवर काढले नाहीत म्हणून पीक मरतं. दोन्ही गोष्टी एकाच तोंडच्या. मग बापानं कुठली धरायची?

ईस्टर झाल्यावर पाद्रीबाबा आले. परदेशी माणूस, उन्हानं सोललेला, मराठी बेताची. प्रवासात त्यांना ताप येऊन गेला होता, तरी ते रात्रीपर्यंत कुमसारं, म्हणजे लोकांनी दिलेल्या पापांच्या कबुल्या, ऐकत बसले. शेवटी इनासनं त्यांच्यापुढं आपला प्रश्न ठेवला. त्यांनी तो दोनदा विचारून नीट समजून घेतला.

"दोन्ही दाखले खरे आहेत, इनास," ते म्हणाले. "तुझ्या मुलासाठी मी मिस्सा अर्पण करीन."

इनासनं त्यांच्या हाताचं चुंबन घेतलं. त्याला त्यांचा राग आला नाही. त्यांना मूलबाळ नव्हतं, आणि पहाटे त्यांना एलिचपूरची वाट धरायची होती. पण दोन्ही खरे आहेत, एवढं त्याला आधीच माहीत होतं.

त्यानंतर खबर आली. अमेरिकेतली लढाई संपली. कापूस कोसळला. मुंबईचे व्यापारी रातोरात दिसेनासे झाले, त्यांत दुमिंगचा व्यापारीही होता. अमरावतीहून माणसं परत येत होती, कुणी अकोल्यात थांबत होतं, कुणी पुढं जात होतं. त्यांत दुमिंग नव्हता. त्याचा निरोपही नव्हता.

त्या आठवड्याचा रविवार चांगल्या मेंढपाळाच्या गोष्टीचा होता. लांडगा दिसला की मजुरीवरचा राखणदार पळतो; मेंढरं ज्याची असतात तो पळत नाही. इनास एवढं बोलला आणि थांबला. मग त्यानं मागणं म्हटलं आणि संपवलं.

"मिस्तरी, आज गोष्ट अर्धीच सांगतली," पार्बताबाई म्हणाली.

"हो बाई. बाकीची मला जाऊन बघायची आहे."

दुसऱ्या दिवशी पुंजारामची गाडी तुरी घेऊन अमरावतीला निघाली, तीत इनास बसला. पार्बताबाईनं दोघांपुरत्या भाकऱ्या बांधून दिल्या आणि पोराला द्यायला म्हणून वेगळी एक चटणी. छिन्नी-हातोडा इनासनं झोपडीतच ठेवला होता. पुंजारामनं ते पाहिलं, पण टोमणा मारला नाही.

मूर्तिजापूर ओलांडल्यावर ऊन तापलं. दोन्ही बाजूंना वावरं रिकामी, काळी, भेगाळलेली. एका वावरात नवरा-बायको कुदळ घेऊन खणत होती. खोल खड्डे करून पांढरी मुळं उपसून धुऱ्यावर टाकत होती.

"हे या उन्हात काय करतायत?" इनासनं विचारलं.

"कुंदा खनून राह्यले," पुंजाराम म्हणाला. "पिकात हात घातला तं वरच्यावर तुटते, अन् पुन्हा येते. वावर रिकामं झालं की मंगच मुळासकट निंगते. आताच त्याची येळ हाय."

इनास मागं वळून त्या दोघांकडं ती दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिला.

"पोराले काय सांगशान मिस्तरी?" पुंजारामनं बैल हाकता हाकता विचारलं.

"तेच ठरवतोय," इनास म्हणाला. "वावर तर त्याचंही आता रिकामं झालंय. पण पुंजाराम, त्याच्यात जे वाढलंय ते कुंदाच आहे, गहू नाही, हे खणायच्या आधी ओळखायचं कसं?"